सिग्नलवर गाडी आपोआप बंद का होते?

आमच्या लाखनीत हायवेवर उड्डाणपूल झाला, तेव्हापासून रायपूर-कोलकात्याकडचे मोठे ट्रक वरून जातात, असं सगळे म्हणतात. सगळे ट्रक वरून जात नाहीत. पुलाखालून पलीकडे जायचं असेल तर सर्व्हिस रोडवरून येणाऱ्या ट्रॅक्टर, टेम्पो आणि धानाच्या पोत्यांनी लादलेल्या मेटॅडोरमधून वाट काढावी लागते. मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. लायसन्स हातात येऊन नऊ दिवस झाले होते आणि त्या दिवशी मागच्या सीटवर अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, बसल्या होत्या.

पुलाखाली समोर गर्दी दिसली. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या भाऊंनी सांगितलं होतं तसंच मी केलं. ब्रेक लावला, गिअर न्यूट्रल केला, क्लचवरचा पाय काढला. आणि गाडी गपकन बंद झाली. एसीचा आवाज बदलला, स्टिअरिंगमधली थरथर थांबली.

"बहू, गाडी बंद पड गई क्या?" अम्मींनी विचारलं.

मागून ट्रकचा हॉर्न. घाबरून मी क्लच दाबला आणि चावीकडे हात नेला, तोवर गाडी आपली आपणच सुरू झाली! बंद पडली तेव्हा भीती वाटली होती, पण न विचारता सुरू झाली तेव्हा त्याहून जास्त वाटली. घाईत पहिला गिअर टाकला, क्लच झटक्यात सोडला आणि या वेळी गाडी खरोखरच बंद पडली. मागच्या ट्रकवाल्याने उतरून काय ऐकवलं ते लिहीत नाही. मुलांच्या अब्बूंना घरी कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त चावी आपल्या खिशात ठेवली. "थोडे दिवस राहू दे," म्हणाले. ते थोडे दिवस म्हणजे पुरे चार महिने. शाळेत मी पुन्हा सहकारी बाईंच्या स्कुटीवर मागे बसून जायला लागले.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की गाडीत काहीही बिघाड नव्हता. माझीही पहिली चूक नव्हती. गाडीने तिला जे शिकवून पाठवलं होतं तेच केलं. ही गोष्ट शोरूममध्ये गाडी देताना आम्हाला कुणी नीट सांगितली नाही. हार घातला, पेढा दिला, फोटो काढला. डॅशबोर्डवरच्या एका बटणावर इंग्रजी 'ए' आणि त्याभोवती गोल बाण आहे, ते कशाचं हे मी चार महिन्यांनी पुस्तिकेत वाचलं. मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' असं रोज सांगणाऱ्या बाईने गाडीची पुस्तिका कपाटात पॉलिथिनमध्ये जशीच्या तशी ठेवली होती.

या व्यवस्थेला कुणी आयडल स्टॉप म्हणतात, कुणी स्टार्ट-स्टॉप. गाडी उभी असताना इंजिन नुसतं घुरघुरत राहतं आणि पेट्रोल जाळतं. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन नुसतं उभ्याने चालू ठेवलं तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल खातं, एसी चालू असेल तर जास्त. ते वाचावं म्हणून गाडीतला छोटा संगणक उभ्या गाडीचं इंजिन बंद करतो. हाताने गिअर बदलायच्या गाडीत न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद होतं आणि क्लच दाबला की सुरू. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून थांबलात की बंद, ब्रेकवरचा पाय उचललात की सुरू. बस, एवढंच. मला त्या दिवशी पुलाखाली एवढंच ठाऊक असतं तर मी शांतपणे क्लच दाबून निघून गेले असते.

गिअर न्यूट्रल न करता क्लच दाबूनच उभं राहिलं तर इंजिन बंद होत नाही, हेही नंतर कळलं. अर्थात लांब सिग्नलवर असं उभं राहणं क्लचला आणि पायाला दोघांनाही चांगलं नाही. पण दोन-चार सेकंदांच्या गर्दीत ही युक्ती मी अजून वापरते.

ही कल्पना नवी नाही. १९७३ मध्ये जगभर तेलाचं संकट आलं आणि १९७४ मध्ये जपानच्या टोयोटाने आपल्या क्राउन गाडीत अशी व्यवस्था बसवून पाहिली. पुढे युरोपात फियाट आणि फोक्सवॅगन यांनीही प्रयत्न केले, पण लोकांना ते तेव्हा रुचलं नाही. आपल्याकडे महिंद्राने स्कॉर्पिओत 'मायक्रो हायब्रिड' नावाने ती आणली. घराघरांत हे नाव पोहोचलं ते २०१५ मध्ये, मारुतीने सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल गाड्या 'एसएचव्हीएस' नावाने काढल्या तेव्हा. त्याच वर्षी केंद्र सरकारने फेम योजना सुरू केली होती आणि अशा सौम्य हायब्रिड गाड्यांनाही तिचा लाभ मिळत होता. २०१७ मध्ये तो लाभ काढून घेतला आणि त्याच वर्षी जीएसटीत हायब्रिड गाड्यांवर कर चढला. तरी स्टार्ट-स्टॉप गेलं नाही, उलट साध्या पेट्रोल गाड्यांतही आलं.

का आलं, याचं उत्तर आपल्या खिशापेक्षा कंपन्यांच्या हिशोबात जास्त आहे. २०१७-१८ पासून आपल्या देशात प्रत्येक कंपनीला तिच्या सगळ्या विकलेल्या गाड्यांच्या धुराची सरासरी ठरावीक मर्यादेत ठेवावी लागते. २०२२-२३ पासून ही मर्यादा आणखी कडक झाली, किलोमीटरला कार्बन डायऑक्साइड सरासरी ११३ ग्रॅमच्या आसपास. ती मोजतात चाचणीत, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रुळांवर गाडी पळवून. त्या ठरावीक चाचणीत गाडी जवळपास पाव वेळ नुसती उभी असते. मग त्या पाव वेळात इंजिन बंद राहिलं तर आकडा सुधारणारच. चाचणी होते ती गाडी सुरू केल्यावर जशी असते तशीच. म्हणून बहुतेक गाड्यांत तुम्ही आज बटण दाबून ही व्यवस्था बंद केलीत तरी उद्या चावी फिरवली की ती पुन्हा चालू! माझ्या मोठ्या मुलाच्या भाषेत, "ही तर विसराळू गाडी आहे." विसराळू नाही, बेरकी आहे.

हा राग आपल्यालाच येतो असं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनीच जाहीरपणे म्हटलं, की ही व्यवस्था लोकांना आवडत नाही आणि तिला मिळणाऱ्या सवलती आम्ही काढणार.

आमच्या घरात यावर दोन पक्ष पडले. मुलांच्या अब्बूंचा पक्ष, हे कायमचं बंद करून टाका. दिरांचा पक्ष, राहू द्या. दिरांकडे हिरोची आयथ्रीएस असलेली स्प्लेंडर आहे. हिरोने ही व्यवस्था २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टवर आणली. न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की इंजिन बंद, क्लच दाबला की सुरू. हँडलवरच एक बटण आहे, नको तेव्हा बंद करायचं. होंडाने २०१९ मध्ये बीएस-सिक्सच्या ॲक्टिवा १२५ मध्येही तसंच दिलं, तिथे ॲक्सिलरेटर पिळला की सुरू होते. दीर म्हणाले, "भाभी, दुचाकीवर कुणाला भीती वाटत नाही. चारचाकीचीच का वाटते?" मला उत्तर सुचलं नाही, पण खरं कारण मागच्या सीटवर बसलेल्या अम्मी होत्या. दुचाकीवर एकटं असतो माणूस.

मग मी हिशोब करायला बसले. मास्तरकीची सवय. आमच्या गाडीच्या काट्यांजवळच्या छोट्या पडद्यावर इंजिन एकूण किती वेळ बंद राहिलं ते दिसतं. लाखनीत घर ते शाळा, शाळा ते बाजार, असं महिनाभर पाहिलं. जवळजवळ शून्य! कारण इंजिन तापल्याशिवाय ही व्यवस्था चालतच नाही आणि आमचं घर ते शाळा अंतर दोन किलोमीटर. इंजिन तापायच्या आत प्रार्थनेची घंटा होते. शिवाय लाखनीत सिग्नल कुठे आहेत? एप्रिल-मेमध्ये तर आपल्या विदर्भात आणखीच गंमत. इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसरही बंद, पंखा तेवढा चालू राहतो. बाहेर ४४-४५ अंश असताना आतली हवा लगेच तापायला लागते, आणि ते कळलं की गाडी स्वतःच इंजिन पुन्हा सुरू करते, किंवा मुळात बंदच करत नाही. म्हणजे उन्हाळ्यात ती असून नसल्यासारखी.

नागपूरची गोष्ट वेगळी. इथून नागपूर ८० किलोमीटरच्या आसपास. माथनीच्या टोलनाक्यावर फास्टॅग असूनही कधी कधी रांग लागते, पुढे कापसी, पारडी आणि मग सेंट्रल ॲव्हेन्यूवर टेलिफोन एक्स्चेंज चौक, अग्रसेन चौक. मोमीनपुऱ्यात खालांच्या घरी पोहोचून पडदा पाहिला तर जाण्याचेच सात मिनिटं इंजिन बंद होतं. येतानाही तितकंच धरलं तर चौदा मिनिटं. तासाला पाऊण लिटरच्या हिशोबाने हे झालं १७५ मिलिलिटर, म्हणजे आजच्या भावात अठरा-एकोणीस रुपये. आम्ही महिन्यातून दोनदा नागपूरला जातो. वर्षाला साडेचारशे रुपये फार तर. हा आकडा पाहून मुलांचे अब्बू हसले, आणि दीरही हसले, दोघेही आपापला पक्ष जिंकल्यासारखे.

पण या हिशोबात एक मोठी रक्कम राहिली होती, बॅटरी. ती आम्हाला फार महागात शिकायला मिळाली.

इंजिन वारंवार सुरू करायचं म्हणजे बॅटरीवर भार. इंजिन बंद असताना दिवे, पंखा, रेडिओ सगळं तीच ओढते. म्हणून अशा गाड्यांत साधी बॅटरी नसते. ईएफबी किंवा एजीएम प्रकारची असते, पुन्हा पुन्हा उतरून भरण्याचा ताण सोसणारी. स्टार्टरही साध्या गाडीपेक्षा दणकट असतो. आमची मूळ बॅटरी तीन वर्षांनी थकली. एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साईज तीच आहे, चालून जाईल." दीड-दोन हजार रुपये स्वस्त. आम्हीही खूश.

आठ महिन्यांनी अम्मींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, औषधं घेऊन संध्याकाळी निघालो. रमजानचे दिवस होते. इफ्तारीला खजूर आणि पाणी गाडीतच ठेवलं होतं. टोलनाक्याच्या पुढे चहाच्या टपरीपाशी थांबलो, रोजा सोडला, आणि गाडी सुरूच होईना. नुसतं टक-टक. डोळ्यावर काळा चष्मा लावलेल्या अम्मी, अंधार, शेजारून धडधडत जाणारे ट्रेलर. टपरीवाल्या दादांनी एका पिकअपवाल्याला थांबवलं, त्याने आपल्या बॅटरीवरून वायर जोडून गाडी सुरू करून दिली. लाखनीपर्यंत आम्ही इंजिन बंद केलं नाही, आणि बटण दाबून स्टार्ट-स्टॉपही बंद ठेवलं. त्या रात्री हे बटण असल्याबद्दल मी खरंच शुक्र मानला.

नंतर समजलं ते सांगते. त्या घटनेच्या दोन महिने आधीपासून आमची गाडी सिग्नलवर बंद व्हायची थांबली होती. आम्हाला वाटलं, बरं झालं, ब्याद गेली. खरं तर बॅटरी पुरेशी भरलेली नसेल तर ही व्यवस्था स्वतःहून काम थांबवते, इंजिन पुन्हा सुरू करायला ताकद उरावी म्हणून. गाडी आम्हाला दोन महिने सांगत होती, बॅटरी पाहा. आम्ही ऐकलं नाही. तुमच्या घरी अशी गाडी असेल आणि हवा थंड असताना, इंजिन तापलेलं असतानाही ती थांबल्यावर बंद होत नसेल, तर आनंद मानू नका, बॅटरी तपासून घ्या.

आणि बॅटरी बदलताना जुन्या बॅटरीवर कोणतं नाव लिहिलं आहे ते स्वतः वाचा. ईएफबी असेल तर ईएफबीच घ्या, एजीएम असेल तर एजीएमच. कमी प्रतीची बॅटरी बसवून स्टार्ट-स्टॉप चालू ठेवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दिवसभर जिना चढ-उतर करायला लावणं. काही गाड्यांत बॅटरीच्या काळ्या टोकावर एक छोटा सेन्सर असतो. दुसऱ्या गाडीवरून वायर जोडताना काळा चिमटा त्या टोकाला न लावता इंजिनजवळच्या कोऱ्या लोखंडी भागाला लावायचा, असं आमच्या पुस्तिकेत आहे. त्या रात्री आम्हाला हे माहीत नव्हतं, नशिबाने काही जळलं नाही.

कायमचं बंद करण्याचा विषय तरीही घरात संपला नव्हता. एका गॅरेजमध्ये कारागीर म्हणाला, "तो बॅटरीचा सेन्सरच काढून टाकतो ना, कटकट मिटेल." मुलांचे अब्बू तयार झाले होते. मी अडवलं. तो सेन्सर फक्त स्टार्ट-स्टॉपसाठी नसतो, बॅटरी किती भरायची हेही गाडी त्यावरूनच ठरवते. वायर काढली तर धोक्याचा दिवा लागेल, चार्जिंगचं गणित बिघडेल आणि वॉरंटी असेल तर कंपनी हात वर करेल. काही जण बॉनेटचा स्विच काढून गाडीला फसवतात. बॉनेट उघडं आहे असं समजून ती इंजिन बंद करत नाही. पण मग बॉनेट खरंच उघडं राहिलं तर ते सांगणारं कुणी उरत नाही. बटणाची शेवटची स्थिती लक्षात ठेवणारं छोटं यंत्रही बाजारात मिळतं. ते त्यातल्या त्यात बरं, पण वॉरंटी संपलेली नसेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावं. माझं मत विचाराल तर, दाबायला एक सेकंद लागणाऱ्या बटणासाठी वायर कापण्याची गरज नाही.

मुलं असलेल्या घरांसाठी एक गोष्ट मात्र ठळक सांगते. इंजिन आपोआप बंद झालेली गाडी ही बंद गाडी नव्हे. आवाज नाही म्हणून आपण फसतो. शाळेच्या फाटकाशी मुलाला सोडायला उतरताना, दुकानासमोर दोन मिनिटं जाताना, चावी काढायचीच. आमच्या गाडीत बेल्ट सोडला किंवा दार उघडलं तर ती क्लचने सुरू होत नाही, चावीच फिरवावी लागते. पण सगळ्या गाड्या सारख्या नसतात. न्यूट्रलमध्ये उभी असताना एसी किंवा बॅटरीसाठी इंजिन एकदम सुरू होऊ शकतं. हँडब्रेक न लावता, आत लहान मूल ठेवून, इंजिनचा आवाज नाही म्हणून खाली उतरणारे पालक मी रोज फाटकावर पाहते.

फाटकाचा विषय निघालाच आहे तर तेही. आमच्या शाळेसमोर दुपारी मुलं न्यायला डिझेलच्या व्हॅन आणि गाड्या लागतात. शाळा सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी येतात आणि इंजिन चालूच. पहिली-दुसरीच्या मुलांची नाकं बरोबर त्या नळीच्या उंचीवर. माझ्या वर्गातल्या एका मुलीला दमा आहे, ती सुटीनंतर पाच मिनिटं व्हरांड्यातच थांबते. यातल्या एकाही गाडीत स्टार्ट-स्टॉप नाही, आणि त्याची गरजही नाही, चावी पुरते. अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोजून सांगितलं आहे, की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन पुन्हा सुरू करण्यापेक्षा चालू ठेवण्यातच इंधन जास्त जातं. दिल्लीत २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी मोहीम काढली होती. मी व्हॅनवाल्या भाऊंना हे सांगितलं. एक म्हणाले, "बाई, वारंवार सेल मारला तर बॅटरी बसते." जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या गाडीसाठी त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, की वीस मिनिटांत एकदाच बंद आणि एकदाच सुरू करायची आहे. तिघांनी ऐकलं. चौथे अजून ऐकत नाहीत.

आमच्या घरी आता तह झाला आहे. ईएफबी बॅटरी बसवली आहे. गावात आणि पुलाखालून जाताना बटण दाबून व्यवस्था बंद, भंडाऱ्याच्या पुढे निघालो की चालू. मे महिन्यात, अम्मी सोबत असताना, पूर्ण बंद. बटण दाबण्याचं काम धाकटीकडे आहे. ती चावी फिरताच आधी ते दाबते आणि मग बेल्ट लावते, उलट कर असं मी रोज सांगते.

चावी मला परत मिळाली ती मागून नव्हे. पुस्तिकेतली ती चार पानं मी एका रविवारी अम्मींना उर्दूत वाचून दाखवली. मुलांचे अब्बू शेजारीच पेपर वाचत होते. अम्मींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "मतलब उस दिन बहू की गलती नहीं थी." थोड्या वेळाने ते उठले आणि चावी टीव्हीशेजारच्या खिळ्याला लावून आले.

गेल्या महिन्यात डोळ्याच्या तपासणीला अम्मींना घेऊन मी एकटी नागपूरला गेले. अग्रसेन चौकात लाल दिवा लागला, इंजिन थांबलं. शेजारच्या स्कुटीवरची मुलगी आमच्याकडे पाहायला लागली. अम्मींनी काच खाली करून तिला सांगितलं, "बंद नहीं पडी बेटा, रुकी है."